शेठ वालचंद हिराचंद : गाडी जोडणे आणि गाडी घडविणे



गेल्या वर्षी शाळेच्या मोठ्या सुट्टीत मी अमेरिकेत टेक्सास राज्यातील अर्विंग ह्या गावी माझ्या मावसभावाकडे काही दिवस राहून आलो. डॅलस आणि फोर्ट वर्थ ह्या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये हे अर्विंग वसलेले आहे. तेथे भारतीय कुटुंबांची वस्ती मोठी आहे. तेथील थॉमस जेफर्सन पार्कमध्ये २०१४ पासून महात्मा गांधींचा पुतळा उभा आहे. दुकानात तूरडाळ मिळते, कढीपत्ता मिळतो, आणि गणपतीच्या दिवसांत मराठी माणसे एकत्र जमतात. एकच गोष्ट आपल्या बेटावरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. तेथे पायी चालणारा माणूस फारसा दिसत नाही. दूध आणायचे तरी मोटार, मुलाला शाळेत पोहोचवायचे तरी मोटार.

माझ्या भावाचा मुलगा दहा वर्षांचा आहे. रस्त्याने जाणारी प्रत्येक गाडी कोणत्या कंपनीची, कोणत्या देशाची, हे त्याला तोंडपाठ. एके दिवशी त्याने अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या इंग्रजीत मला विचारले की काका, भारतात गाड्या बनतात का, की तेथे फक्त चालवितात? मी होय म्हटले, पण त्याला खरे वाटेना. मग आम्ही एकदा गावाबाहेर शेतांच्या बाजूला गेलो असता एका दुकानासमोर लाल रंगाचे ट्रॅक्टर रांगेने उभे होते. त्यांवर महिंद्रा हे नाव होते. महिंद्रा कंपनी १९९४ पासून टेक्सासमध्ये ट्रॅक्टर विकत आहे, हे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. त्या रात्री जेवणानंतर मी त्याला सोलापूरच्या एका गृहस्थाची गोष्ट सांगितली. तीच आज आपल्यापुढे मांडीत आहे, कारण आपल्या बेटावरच्या मुलांनाही ती फारशी माहीत नाही.

त्या गृहस्थाचे नाव शेठ वालचंद हिराचंद दोशी. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे दिगंबर जैन, मूळ गुजरातचे, पण व्यापारासाठी सोलापुरात येऊन स्थायिक झालेले. वडील हिराचंद नेमचंद कापसाचा व्यापार आणि सावकारी करीत. सोलापूरच्या मातीत वाढलेल्या ह्या मुलाचे मराठीशी नाते जन्मापासूनचे होते, आणि पुढे त्यांची बहुतेक मोठी कामेही महाराष्ट्राच्या भूमीवरच उभी राहिली. म्हणून मराठी माणूस त्यांना आपलाच मानतो.

वालचंदांचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले. पुढे ते महाविद्यालयातही गेले, पण पदवी घेण्याआधीच घरच्या धंद्यात शिरले. घरचा धंदा म्हणजे माल विकत घ्यायचा, भाव चढला की विकायचा आणि व्याज मोजायचे. त्यात त्यांचे मन रमले नाही, आणि व्यापारात त्यांना खोटही आली. काही तरी उभे करावे, जे काल नव्हते ते आज लोकांच्या डोळ्यांना दिसावे, असा त्यांचा पिंड होता.

अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक ह्यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. त्यांना कामाची माहिती होती, वालचंदांकडे घरचे भांडवल आणि धाडस होते. दोघांनी मिळून रेल्वेची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली. एक चित्पावन ब्राह्मण आणि एक जैन व्यापारी अशी ही जोडी त्या काळी लोकांना नवलाची वाटली असेल, पण ती टिकली. पुढे बोर घाटातील रेल्वेचे बोगदे हे त्यांच्या बांधकाम कंपनीचे नामांकित काम ठरले. मुंबई आणि पुण्याच्या मधला तो डोंगर ज्यांनी पाहिला असेल त्यांना ह्या कामाची कल्पना येईल. १९२६ मध्ये स्थापन झालेली त्यांची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी पुढेही अनेक दशके धरणे, पूल आणि बोगदे बांधीत राहिली.

आता मी जहाजांकडे वळतो. वालचंदांच्या मोटारीची गोष्ट समजायची असेल तर आधी त्यांच्या जहाजाची गोष्ट समजली पाहिजे.

वाचकहो, आपले पणजोबा आणि खापरपणजोबा रत्नागिरी, सातारा अशा भागांतून मुंबई बंदरात आले आणि तेथून ह्या बेटावर पोहोचले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आपण मुलांना दाखवितो. पण ज्या जहाजांतून ते आले त्या जहाजांचे मालक कोण होते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. माणसे आपली होती, जहाजे परक्यांची होती. भाडे किती घ्यायचे, जागा किती द्यायची, हे सारे परके ठरवीत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीलाही भारताच्या समुद्रावर असेच चालले होते. मोठ्या बंदरांतील बहुतेक व्यापार इंग्रज कंपन्यांच्या हाती होता आणि त्यांत ब्रिटिश इंडिया कंपनीचे वर्चस्व होते. एखाद्या देशी व्यापाऱ्याने जहाज घातले की ती भाडे इतके खाली आणी की देशी कंपनी बुडून जाई. ती बुडाली की भाडे पुन्हा वर.

१९१९ मध्ये वालचंदांना कळले की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे एक मोठे जहाज आहे आणि ते विकावयाचे आहे. हे जहाज मूळचे एम्प्रेस ऑफ इंडिया नावाचे, १८९१ साली बांधलेले. महाराजांनी ते विकत घेऊन महायुद्धात जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी दिले होते आणि त्याचे नाव लॉयल्टी ठेविले होते. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास ह्यांना बरोबर घेतले आणि जहाज खरेदी केले. २७ मार्च १९१९ रोजी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाले. भारतात आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो ह्याच प्रवासाच्या आठवणीसाठी.

लॉयल्टी काही फायद्याचे जहाज ठरले नाही. ते जुने होते, त्याच्यावर खर्च फार होई, आणि चार वर्षांतच ते मोडीत काढावे लागले. पण कंपनी मोडली नाही. भाड्याचे युद्ध झाले, नुकसान सोसावे लागले, आणि १९२३ मध्ये इंग्रज कंपनीशी तह करावा लागला. त्या तहाने सिंधियाच्या वाढीवर बंधने आली म्हणून पुष्कळ देशाभिमानी लोक रागावले. पण कंपनी जिवंत राहिली, हेही खरे. किनाऱ्यावरचा व्यापार देशी जहाजांसाठी राखून ठेवावा असे विधेयक १९२८ मध्ये सिंधियाशी संबंध असलेल्या सारभाई हाजी ह्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. ते पार पडले नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी वारले आणि वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले. त्या पदावर ते १९५० पर्यंत होते.

ह्या लढाईतून वालचंद एक धडा शिकले. दुसऱ्याचे जहाज विकत घेऊन चालविणे ही पहिली पायरी आहे. पण जहाज मोडले, भाग हवा झाला, नवीन जहाज पाहिजे झाले, की पुन्हा परक्याच्याच दारी जावे लागते. चालविणाऱ्याला खरे स्वातंत्र्य नसते, घडविणाऱ्याला असते.

मधल्या काळात त्यांनी जमिनीकडेही लक्ष दिले. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे त्यांनी माळरानाच्या जमिनी घेतल्या. खडक फोडून, पाणी आणून, तेथे ऊस लाविला आणि साखरेचे कारखाने काढले. कळंबच्या वसाहतीलाच पुढे वालचंदनगर हे नाव मिळाले. ऊस म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. पण येथे एक फरक पाहण्यासारखा आहे. वालचंदनगर केवळ साखर करून थांबले नाही. साखर कारखान्याची यंत्रे दुरुस्त करता करता तेथील लोक यंत्रे बनवू लागले, आणि पुढे त्याच वालचंदनगरच्या कारखान्यात भारताच्या अग्निबाणांचेही भाग तयार झाले. आपल्या बेटाने कित्येक वर्षे कच्ची साखर विलायतेला पाठविली. ती शुद्ध होऊन पांढरी व्हायची ती तिकडे, आणि त्यातला नफाही तिकडेच राहायचा. २००९ मध्ये जुना करार संपल्यावर ही रीत बदलली. घडविण्याचे काम कोणाच्या हाती, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही.

आता मोटारीकडे येतो. १९२८ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. पाठोपाठ फोर्ड कंपनीनेही भारतात असेच काम सुरू केले. जोडणे म्हणजे काय? मोटारीचे सारे भाग परदेशातून लाकडी पेट्यांत भरून यायचे. येथील कामगारांनी पेट्या उघडायच्या, सांगाड्यावर इंजिन बसवायचे, चाके लावायची, खिळे आवळायचे आणि रंग द्यायचा. गाडी मुंबईच्या रस्त्यावर धावू लागे, म्हणून ती मुंबईची वाटे. पण इंजिनासाठी ओतकाम करण्याची विद्या, दाते कापण्याची यंत्रे, पोलादाची पारख, नवीन आराखडा काढणारे इंजिनिअर, हे सारे अमेरिकेतच राहत असे. पेट्या येणे बंद झाले की कारखानाही बंद.

ही गोष्ट सर्वांत आधी ज्यांना खटकली त्यांत म्हैसूरचे थोर इंजिनिअर सर विश्वेश्वरय्या होते. त्यांनी युरोप आणि अमेरिका पाहून भारतात मोटारी तयार करण्याची योजना आखली. वालचंदांनी ती योजना उचलून धरली. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर ह्यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि त्या सरकारने योजनेला सहानुभूती दाखविली. पण १९३९ च्या अखेरीस महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो आधार गेला.

त्याच वर्षी वालचंद स्वतः अमेरिकेत गेले होते. फोर्ड आणि जनरल मोटर्स ह्यांचा भारतात जोडणीचा धंदा चांगला चालला होता. ग्राहकानेच उद्या कारखानदार व्हावे असे त्यांना कशाला वाटेल? शेवटी वालचंदांचे जुळले ते तिसऱ्या मोठ्या कंपनीशी, म्हणजे क्रायस्लरशी. १९४० मध्ये करार झाला. परवाना मिळाला, तांत्रिक मदतीचे ठरले. आता फक्त दिल्लीच्या सरकारने यंत्रे आणावयास आणि डॉलर खर्चावयास परवानगी द्यायची होती.

ती परवानगी मिळाली नाही. मोटार कारखान्याचा युद्धाच्या कामाला तातडीने उपयोग होणार नाही, असे सरकारचे म्हणणे पडले. त्याच वेळी सैन्याला हजारो लॉऱ्यांची गरज होती आणि त्या जहाजांत भरून समुद्रापलीकडून येत होत्या. भारतात मोटारी तयार झाल्या तर युद्धानंतर इंग्रजी आणि अमेरिकन गाड्या कोण घेणार, ही चिंता नकारामागे होती असे वालचंदांसकट पुष्कळांचे मत होते.

ह्याच अमेरिकेच्या प्रवासात एक योगायोग घडला. पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानात वालचंदांची गाठ विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन गृहस्थाशी पडली. पॉली चीनमध्ये विमाने बनविण्याचे काम पाहत होते. चीनसारख्या युद्धाने पोळलेल्या देशात विमान बनते, तर भारतात का बनू नये? वालचंदांनी हा विचार सोडला नाही. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल ह्यांनी जागा आणि भांडवल देऊ केले, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये तेथे तयार झालेले पहिले हार्लो जातीचे विमान उडाले. पण १९४२ मध्ये, जपानी सैन्य जवळ आले असता, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना आपल्या ताब्यात घेतला. आज हिंदुस्थान एरोनॉटिक्स नावाने जी मोठी सरकारी कंपनी आहे तिचे मूळ हेच.

जहाज बांधण्याचे स्वप्नही त्यांनी ह्याच काळात पुढे नेले. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला बसविली गेली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या बंदरावर जपानी बाँब पडले आणि काम विस्कळीत झाले. तरी युद्ध संपल्यावर ते पुन्हा सुरू झाले. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा हे आठ हजार टनांचे जहाज पाण्यात सोडले गेले. एकोणतीस वर्षांपूर्वी परक्याचे जुने जहाज विकत घेणाऱ्या माणसाने आता स्वतःच्या देशात बांधलेले जहाज समुद्रावर पाहिले. त्यांच्या आयुष्यात समाधानाचे दिवस थोडे असतील, पण हा एक नक्कीच होता.

मोटारीचे काय झाले? वालचंदांनी हट्ट सोडला नाही. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईजवळ कुर्ला येथे कारखाना उभारला. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्याच वर्षी, तेथून क्रायस्लरच्या परवान्याने गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो, फार्गो ही नावे जुन्या मंडळींना आठवत असतील. तिकडे बिर्ला घराण्याने १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी काढली होती. अशा रीतीने दोन देशी कंपन्या एकाच वेळी ह्या कामाला लागल्या.

सुरुवातीला कुर्ल्यातही जोडणीच होत होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण जनरल मोटर्सच्या आणि वालचंदांच्या जोडणीत हेतूचा फरक होता. परदेशी कंपनीला जोडणीवरच थांबायचे होते, वालचंदांना ती पहिली इयत्ता वाटत होती. आज स्प्रिंग येथे बनवू, उद्या रेडिएटर, परवा इंजिन, असा क्रम त्यांच्या मनात होता. आम्ही शिक्षक मुलाला आधी अक्षर गिरवावयास देतो. गिरविणे वाईट नाही, पण जन्मभर गिरवीतच राहिला तर तो मुलगा लिहिणारा होत नाही.

१९४९ मध्ये वालचंदांना अर्धांगाचा झटका आला. पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई ह्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांना मुलगा नव्हता. भाऊ गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद ह्यांच्या कुटुंबांनी पुढे उद्योग सांभाळले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंदांचे नाव देण्यात आले. तेथून शिकून गेलेले मराठी इंजिनिअर आज जगभर आहेत, अर्विंगसारख्या गावीही असतील.

ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षी त्यांच्या मनासारखी एक गोष्ट झाली. जकात आयोगाच्या शिफारशीवरून भारत सरकारने ठरविले की ज्यांच्याकडे गाडीचे भाग देशात तयार करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच ह्या धंद्यात राहावे. नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड ह्यांनी लवकरच भारतातील काम बंद केले. कुर्ल्याच्या कारखान्याने इटलीच्या फियाट कंपनीशी करार केला, आणि फियाट ११०० ह्या गाडीचे भाग एकामागून एक भारतातच बनू लागले. तीच गाडी १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईला जाऊन आलेल्या आपल्या लोकांनी काळ्यापिवळ्या टॅक्सीतून प्रवास केला असेल, ती बहुधा पद्मिनीच. अशी शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेली.

पण थोरांचे चरित्र लिहिताना आंधळी भक्ती नको. वालचंदांचे दोषही होते. एक काम पुरे होण्याआधी ते दुसऱ्या दोहोंना हात घालीत. त्यामुळे पैशाची ओढाताण त्यांच्या पाचवीलाच पुजलेली होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या संरक्षणासाठी ते झगडले ते संरक्षण मिळाल्यावर त्यांच्यामागे आलेल्या कारखानदारांनी त्याचा पूर्ण उपयोग केला नाही. बाहेरची गाडी येत नाही, देशातली मागणी कधी संपत नाही, मग सुधारणा कशाला? तीच फियाट आणि तीच अँबॅसडर तीस तीस वर्षे जवळजवळ तशीच निघत राहिली. गाडी नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. १९८३ मध्ये जपानच्या सुझुकीबरोबर काढलेली मारुती आली आणि चित्र पालटले. शतक संपता संपता कुर्ल्याची पद्मिनी बंद पडली, आणि २०१४ मध्ये अँबॅसडरही. भिंतीच्या आड रोप वाढते हे खरे, पण भिंत कायमची राहिली तर रोपाला ऊन मिळत नाही.

आज ह्या उद्योगाची स्थिती काय आहे? २०२३-२४ ह्या वर्षात भारतात सुमारे २ कोटी ८४ लाख वाहने तयार झाली. त्यांत २ कोटींहून अधिक दुचाकी होत्या आणि सुमारे ४९ लाख मोटारी. त्या वर्षी सुमारे ४५ लाख वाहने परदेशी गेली. २०२२ मध्ये मोटारींच्या विक्रीत भारताने जपानला मागे टाकले आणि चीन व अमेरिकेनंतर तिसरा क्रमांक मिळविला. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथे वाहनांचे आणि त्यांच्या भागांचे शेकडो कारखाने आहेत. १९९८ मध्ये टाटांनी इंडिका ही स्वतःची मोटार पुण्यात तयार केली, आणि २००८ मध्ये इंग्लंडची जग्वार लँड रोव्हर ही कंपनीच विकत घेतली. १९४० साली ज्यांना यंत्रे आणावयाची परवानगी मिळत नव्हती, त्यांच्या देशाने हे केले.

म्हणून आता स्वस्थ बसावे काय? नाही. वालचंदांचा प्रश्न दुसऱ्या रूपाने पुन्हा दारात उभा आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचे इंजिन नसते. तिचा जीव बॅटरीत आणि विजेच्या मोटारीत असतो. ह्या बॅटरीतील घट भारतात अजून मोठ्या प्रमाणात बाहेरून येतात, मुख्यतः चीनमधून. विजेच्या मोटारीत जे बळकट चुंबक लागते तेही मुख्यतः तिकडूनच. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने अशा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा भारतातील कारखान्यांना काळजी पडली. गाडीचा सांगाडा आपला, रंग आपला, नाव आपले, पण तिचे हृदय पेटीत भरून समुद्रापलीकडून येणार असेल, तर आपण पुन्हा त्या १९२८ सालच्या जोडणीच्या कारखान्यात उभे आहोत. ह्या उद्योगाचे भविष्य किती गाड्या विकल्या ह्यावर कमी आणि घट व चुंबक बनविण्याची विद्या किती लवकर आपलीशी होते ह्यावर जास्त ठरेल, असे मला वाटते. ही विद्या येईपर्यंत थोडे संरक्षण हवे, आणि आल्यावर ते संरक्षण काढण्याचे धैर्यही हवे. वालचंदांचे आयुष्य पहिली गोष्ट शिकविते, त्यांच्यामागची तीस वर्षे दुसरी.

आपण लहान बेटावरची माणसे. आपल्या रस्त्यांवर अशोक लेलँडच्या आणि टाटांच्या बसगाड्या धावतात, जपानहून आलेल्या जुन्या मोटारीही धावतात. आपण मोटारीचा कारखाना काढणार नाही, हे उघड आहे. पण आपली मुले इंजिनिअर होऊ शकतात. वर्गात मी पाहतो की मुलाच्या हातात कोणती वस्तू आहे ह्याचा त्याला अभिमान असतो. ती कशी बनली हे विचारले तर तो खांदे उडवितो. पालकांनी घरी एवढे केले तरी पुष्कळ आहे. सायकलची साखळी निसटली तर लगेच दुकानात नेऊ नका. मुलाला बाजूला बसवा, हात काळे होऊ द्या, आणि ती कशी बसते हे त्याला स्वतः शोधू द्या.

अर्विंगहून निघण्याच्या आदल्या दिवशी भावाचा मुलगा माझ्याकडे आला. त्याने कागदावर एक ट्रॅक्टर काढला होता, लाल रंगाचा. चाके थोडी वाकडी होती. खाली त्याने मोडक्या मराठी अक्षरांत सोलापूर असे लिहिले होते. ट्रॅक्टर सोलापूरचा नाही, हे मी त्याला सांगितले नाही. तो कागद आता माझ्या वर्गाच्या भिंतीवर लाविलेला आहे.